खुले पत्र : शिफ्टवर रिक्षा चालवणाऱ्याचे नाव कोणत्या कागदावर आहे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, कोल्हापूर
आणि प्राधिकरणाचे सर्व सदस्य

विषय : रिक्षा-टॅक्सी चालकांची नोंद, शिफ्टचा लेखी कागद आणि परमिटांच्या संख्येबाबत

महोदय,

रिक्षाची नवी परमिटे बंद करा, हे निवेदन सरकारी टेबलांना नवीन नाही. मोर्चा येतो, निवेदन दिले जाते, पोच मिळते, फोटो निघतो. हे पत्र त्या निवेदनाची आणखी एक प्रत नव्हे. परमिटांच्या संख्येबद्दल आम्हालाही बोलायचे आहे, पण आधी अशा माणसाबद्दल, ज्याच्याकडे परमिट नाही आणि गाडीही नाही. त्याच्याकडे लायसन आहे, बिल्ला आहे आणि सकाळी सहाला दुसऱ्याच्या दारातून काढलेली रिक्षा आहे. संध्याकाळी गाडी परत लावताना तो शिफ्टचे पैसे मोजतो. उरले ते त्याचे.

सही करणाऱ्यांत परमिटधारक आहेत, शिफ्टवाले आहेत, टुरिस्ट गाडीवर महिन्याच्या पगाराने असणारेही आहेत. म्हणजे एकमेकांशी हिशेब असलेली माणसे. सगळ्या मुद्द्यांवर आमचे एकमत झालेले नाही. ज्यांवर झाले, तेवढेच खाली लिहिले आहे.

रिक्षातली कागदांची पिशवी उघडून बघा. आरसी मालकाच्या नावे. परमिट मालकाच्या नावे. विमा मालकाच्या नावे, कर्जाचा बोजाही त्याच्याच. फिटनेस आणि पीयूसी गाडीची. ही गाडी रोज दहा-बारा तास जो चालवतो, त्याचे नाव या पिशवीत कुठेच सापडत नाही. बिल्ला त्याच्या छातीवर असतो, पण तो बिल्ला कोणत्या गाडीवर, किती तास आणि काय भावाने चालतो हे सांगणारा एकही कागद कोणाच्याच दप्तरी नाही. कायद्याला गाडी ओळखू येते, परमिट ओळखू येते. चालक ओळखू येतो तो दंड करायच्या वेळी.

याचे परिणाम कसे होतात ते बघू. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्य सरकारने रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रकमेवरून भांडण्यात अर्थ नाही. पण ती मदत परमिटधारकाला होती. एकाच गाडीवर दिवसाला एक आणि रात्रीला एक असे दोघे पोट भरत असतील, तर काम दोघांचे थांबले आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात जमा झाले. यात लबाडी कुणाचीच नव्हती. सरकारला 'रिक्षाचालक' म्हणून परमिटधारकच दिसत होता, दुसरे कुणी दिसण्याची सोयच नव्हती.

विम्यात हीच गोष्ट फार महागात पडते. गाडीच्या पॉलिसीबरोबर १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते 'ओनर-ड्रायव्हर'साठी, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे आणि जो स्वतः लायसनधारक आहे त्या मालकासाठी. शिफ्टवाल्याच्या हातात असताना रिक्षा उलटली, तर हे १५ लाख त्याच्या घराकडे फिरकत नाहीत. पगारी चालकासाठी पॉलिसीला वेगळी जोड घेता येते, एजंट तिला आयएमटी-२८ म्हणतात. तिचा हप्ता इतका किरकोळ असतो की बहुतेक वेळा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पण तिथेही शब्द आहे 'पगारी'. शिफ्टवाला पगार घेत नाही, उलट तोच मालकाला भाडे देतो. मग विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, हा नोकर नव्हे, गाडी वापरायला घेणारा. आणि दुसऱ्याची गाडी घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निंगम्मा प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे नोकर म्हणून भरपाई मागायला गेला तर तो मालक ठरतो, आणि मालकाचा विमा मागायला गेला तर आरसीवर नाव नाही म्हणून तो मालक नसतो.

कामगार कायद्याचे तेच. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा तासांचा मोबदला, सगळे त्यात होते. अट एकच : आस्थापनेत किमान पाच कामगार हवेत. एका रिक्षावर दोन शिफ्टवाले, पाच कुठून येणार? टुरिस्टच्या धंद्यात सहा गाड्या असल्या तरी तीन स्वतःच्या, दोन पत्नीच्या आणि एक भावाच्या नावे केली की पाचाचा आकडा कागदावर भरतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, हा कायदा त्यांतल्या एका संहितेत मिसळला, आणि पाचाची अट दहाची झाली. जे दार अर्धे लागलेले होते ते पुरते लागले.

याच संहितांमधल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर चालणाऱ्या चालकाला मात्र नाव दिले आहे : गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार. ॲप कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, असे त्यात लिहिले आहे. चांगले आहे. पण मध्यवर्ती बसस्थानकाच्या स्टॉपवर नंबर लावून उभा राहणारा शिफ्टवाला ना गिग, ना कामगार. त्याला म्हणायचे स्वयंरोजगारित. ज्याची गाडी उद्या सकाळी 'दुसऱ्याला दिली' एवढ्या एका वाक्यात जाऊ शकते, त्याचा हा स्वयंरोजगार.

असंघटित कामगारांच्या नोंदीचे ई-श्रम कार्ड काढा, असा सल्ला मिळतो. काढावेच. पण श्रमयोगी मानधन योजनेत शिरायचे वय १८ ते ४०. साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन खरी, पण ४१ व्या वर्षी चौकशीला गेलेल्याला दार बंद. कोल्हापूरच्या स्टॉपवरच्या रांगेतून एकदा नजर फिरवली तर किती जण चाळिशीच्या आत आहेत ते कळेल. २०२४ साली राज्याने रिक्षा आणि टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळ केले. त्याच्या नावात 'चालक' हा शब्द आहे, 'परमिटधारक' नाही, ही आम्हाला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पण त्याच नावात 'मीटर टॅक्सी' असेही आहे. कोल्हापुरात मीटरची टॅक्सी शोधून दाखवावी लागेल. इथला टॅक्सीवाला म्हणजे टुरिस्ट परमिटची पांढरी गाडी घेऊन जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, आदमापूर करणारा. तो या नावात बसतो की नाही, हे प्राधिकरणाने शासनाकडून लेखी विचारून घ्यावे.

आता परमिटांच्या संख्येकडे येऊ.

१९९७ साली नव्या रिक्षा परमिटांवर मर्यादा आली आणि जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. तेव्हापासून अटी पुऱ्या करणाऱ्याला परमिट मिळते. स्टॉपवर गर्दी वाढली, सवारीवरून कुरबुरी वाढल्या, हे खरे आहे. पण मर्यादेची ती वीस वर्षे सोन्याची होती, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. परमिट बंद होते तेव्हा परमिटाला गाडीपेक्षा जास्त भाव आला होता. कागद एकाच्या नावे, कब्जा दुसऱ्याचा, चालवणारा तिसराच. शिफ्टवाल्याला त्या मर्यादेतून काही मिळाले नाही. मिळाले ते परमिट धरून बसलेल्याला, कारण पर्याय नसल्याने तो मागेल ते भाडे शिफ्टवाला देत होता. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या परमिटाला मेडॅलियन म्हणतात. २०१४ च्या सुमारास त्याचा भाव दहा लाख डॉलरच्या घरात गेला, ॲपच्या गाड्या आल्यावर कोसळला, आणि कर्ज काढून ते घेतलेले चालक देशोधडीला लागले. नुसती संख्या बांधून भागत नाही, हे तिथे दिसले आणि आपल्याकडेही दिसले आहे.

दुसरे असे की, बंद करा म्हटले तरी बंद नेमके काय होणार? विजेवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना परमिटच लागत नाही, केंद्राने २०१८ सालीच ती अट काढली. टुरिस्ट गाडीचे अखिल भारतीय परमिट ऑनलाइन मिळते, २०२३ च्या नियमांनी त्यावरचा निर्णय सात दिवसांच्या आत द्यायचा आहे, आणि त्यावर स्थानिक संख्येचे बंधन नाही. २०२५ साली राज्याने ई-बाइक टॅक्सीचे नियम केले : एक लाखावर लोकसंख्येची शहरे, एका फेरीला १५ किलोमीटरपर्यंत अंतर. कोल्हापुरात शिरोली नाक्यापासून रंकाळ्यापर्यंत कुठूनही कुठे गेले तरी ते १५ किलोमीटरच्या आतच असते. अशा वेळी फक्त सीएनजी रिक्षाचे परमिट बंद करणे म्हणजे चार दारांच्या वाड्याच्या एकाच दाराला कुलूप लावणे. कुलूप लावल्याचे समाधान तेवढे मिळेल.

तरीही गर्दीचा फटका खरा आहे आणि तो सर्वांत आधी कुणाला बसतो, ते हिशेबाने दाखवता येते. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, भाव बदलून कुणीही करून बघावे. शिफ्टचे भाडे दिवसाला ३५० रुपये. गाडी १०० किलोमीटर पळाली, त्यांतले ६० मीटर टाकून आणि ४० रिकामे. सीएनजी किलोला ३० किलोमीटर पकडला आणि ९० रुपये दर धरला तर गॅसचे ३०० रुपये. एकूण ६५०. म्हणजे मीटर टाकून पळालेल्या प्रत्येक किलोमीटरमागे १० रुपये ८३ पैसे चालकाच्या हाताला लागायच्या आधीच गेले. आता स्टॉपवर गाड्या वाढल्या. फेऱ्या कमी झाल्या, गाडी ८० किलोमीटरच पळाली आणि त्यांतले ४० सवारीचे. गॅसचे २४०, शिफ्टचे तेच ३५०, एकूण ५९०. सवारीच्या किलोमीटरमागे १४ रुपये ७५ पैसे गेले. सवारीचे २० किलोमीटर गेले, पण खर्च ६० रुपयांनीच उतरला, कारण शिफ्ट उतरली नाही. शिफ्ट कधीच उतरत नाही.

मालक-चालकाचे दुखणे वेगळे आहे. अडीच लाखांचे कर्ज, १२ टक्के व्याज, चार वर्षांची मुदत असा हिशेब केला तर महिन्याचा हप्ता ६,५८० रुपयांच्या आसपास येतो. महिन्याला २६ दिवस धरले तर दिवसाला सुमारे २५३. ओझेच आहे. पण चार वर्षांनी ते उतरते आणि गाडी त्याची होते. शिफ्टवाला बारा वर्षे शिफ्ट भरतो आणि तेराव्या वर्षीही पहिल्याच दिवसाच्या जागी असतो. सरकार मीटरचा दर ठरवते, विम्याचा थर्ड पार्टी हप्ता ठरवते, फिटनेसची फी ठरवते. शिफ्टचे भाडे मात्र कुणीच ठरवत नाही. दरवाढ झाली की आठवडाभरात शिफ्टही वाढते, आणि वर्तमानपत्रात बातमी येते ती 'रिक्षाचालकांना दिलासा' अशी.

संख्येवर मर्यादा घालायचा कायदेशीर रस्ता मोटार वाहन कायद्याच्या कलम ७४ (३) मध्ये आहे. केंद्राने निर्देश द्यायचे, राज्याने अधिसूचना काढायची, आणि मग प्राधिकरणाने संख्या बांधायची. शहराची लोकसंख्या किमान ५ लाख हवी. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, म्हणजे आपले शहर या कलमात बसते. निर्णय तुमच्या हातात नाही हे आम्हाला माहीत आहे. पण निर्णयासाठी लागणारी मोजणी तुमच्या हातात आहे, आणि तिच्याशिवाय मागणी करणारे आणि नाकारणारे दोघेही अंदाजाने बोलतात.

मोजणी अवघड नाही. एक माणूस, एक वही, एक घड्याळ. स्टॉपवर दर तासाला रांगेत किती गाड्या उभ्या आहेत ते लिहायचे आणि त्या तासात किती गाड्या सवारी घेऊन सुटल्या ते लिहायचे. रांगेत १२ गाड्या आणि दर पाच मिनिटांना एक सुटत असेल, तर शेवटच्या गाडीला एक तास थांबावे लागते. सवारी सोडून परत यायला अर्धा तास. दीड तासाची एक फेरी, दहा तासांत साडेसहा फेऱ्या. रांग २० ची झाली तर थांबणे १०० मिनिटांचे, फेरी १३० मिनिटांची, दहा तासांत साडेचार फेऱ्या. फेऱ्या पाचाच्या खाली गेल्या की चालक काय करतो ते आपण सगळे बघतो : मीटर सोडून ठरवून भाडे मागतो, जवळची सवारी नाकारतो, तीनच्या जागी पाच बसवतो. वडापला, म्हणजे गाडीत माणसे कोंबून नेण्याच्या धंद्याला, शिव्या देणारे हातही मग वडापच करू लागतात. त्याचे समर्थन आम्ही करत नाही, फक्त ते कुठून येते ते सांगतो.

ही मोजणी सात दिवस सलग करावी, कारण कोल्हापूरचा प्रत्येक स्टॉप वेगळा चालतो. रेल्वे स्टेशनवर सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस आली की पंधरा मिनिटांत रांग रिकामी होते आणि मग तासभर माश्या मारायच्या. भवानी मंडपाकडे शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस वेगळे. सीपीआर रुग्णालयाच्या दारात ओपीडीच्या वेळा. राजारामपुरीत संध्याकाळ. एका दिवसाच्या दुपारी जाऊन 'गाड्या जास्त आहेत' असा शेरा मारणे सोपे आहे, पण त्यातून कुठे २० ची जागा लागते आणि कुठे ८ ची पुरते ते कळत नाही.

आणि मर्यादा आलीच, तर परमिट कुणाला द्यायचे याचा एक धागा त्याच कलमात आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. संख्या बांधल्यावर प्राधान्य द्यायच्या यादीत नोंदणीकृत सहकारी संस्थांचे नाव आहे. ज्या जिल्ह्यात ऊस सहकारात, दूध सहकारात, सूतही सहकारात, तिथे बिल्लाधारक शिफ्टवाल्यांची सहकारी संस्था परमिट का धरू शकत नाही? गाडी संस्थेची, शिफ्ट संस्थेकडे भरायची, आणि कर्ज फिटल्यावर शिफ्ट उतरवायची. अवघड भाग आहे तो वित्तपुरवठ्याचा, कारण बँक परमिट आणि आरसी एकाच नावावर मागते. पण जिल्हा बँकेच्या जिल्ह्यात हा प्रश्न निदान विचारायला हरकत नसावी.

टुरिस्ट गाड्यांवरच्या चालकांसाठी एक कलम आधीच आहे आणि ते धूळ खात पडले आहे : मोटार वाहन कायद्याचे कलम ९१. व्यावसायिक वाहन चालवायला नेमलेल्या कोणत्याही माणसाचे तास मोटार वाहतूक कामगार कायद्याप्रमाणे असतील, असे ते म्हणते. त्यात पाच-दहा कामगारांची अट लिहिलेली नाही. पुढे पोटकलम ३ मध्ये, चालकाचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला मालकाला भाग पाडण्याचा अधिकार राज्य सरकारला, आणि राज्याने नियमाने दिला तर प्राधिकरणाला आहे. कोल्हापूरहून पुणे विमानतळाची ट्रिप बघा. जाऊन-येऊन ४६० किलोमीटर. पहाटेच्या विमानासाठी रात्री अकराला निघायचे, पहाटे चारला सोडायचे, आणि परतीची सवारी मिळाली नाही तर तसेच रिकामे यायचे. घरी पोचेपर्यंत सकाळचे नऊ-दहा. दुपारी एकला फोन येतो : उद्या गोव्याची बुकिंग आहे, पहाटे चारला निघायचे. पगार महिन्याचा ठरलेला, तास ठरलेले नाहीत. डोळा लागून गाडी दुभाजकावर गेली की पंचनाम्यात लिहिले जाते 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे'.

आता मुख्य मागणी. तिला नवा कायदा लागत नाही. परमिट दिल्यावर किंवा नूतनीकरणावर, दर पाच वर्षांनी, परमिटधारकाकडून एक पान भरून घ्यावे : ही गाडी कोण चालवणार. स्वतः चालवत असेल तर तसे लिहावे. शिफ्टवर देत असेल तर चालकाचे नाव, लायसन आणि बिल्ला क्रमांक, शिफ्टची वेळ, दिवसाचे भाडे आणि अनामत घेतली असेल तर किती. चालक बदलला की पान बदलावे, ऑनलाइन असेल तर दोन मिनिटांचे काम. एक प्रत परमिटधारकाकडे, एक चालकाकडे, एक कार्यालयात. हे पान हातात असले की कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला पुरावा मिळतो, विमा कंपनीसमोर काहीतरी ठेवता येते, आणि उद्या पुन्हा मदत जाहीर झाली तर ती गाडी चालवणाऱ्यापर्यंत पोचते.

पानाच्या मागच्या बाजूला खर्चाची वाटणी लिहिलेली असावी. शिफ्टवरची भांडणे नव्वद टक्के इथेच होतात, असे आमच्यातले जुने चालक सांगतात. टक्केवारी त्यांची, पण भांडणे खरी. क्लचची वायर, ॲक्सिलरेटरची वायर, पंक्चर, बल्ब हे चालकाचे. टायर, बॅटरी, क्लचप्लेट, इंजिनचे काम हे मालकाचे. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट मालकाची, कारण तिची तारीख टळली की पंपावर गॅस भरत नाहीत आणि त्या दिवसाची शिफ्ट मात्र मागितली जाते. दंडाचे असेच. गणवेश नाही, सिग्नल तोडला, जागा सोडून थांबला, हा चालकाचा. फिटनेस संपले, विमा संपला, पीयूसी नाही, हा मालकाचा. ई-चलन आरसीवरच्या मोबाइलवर येते, म्हणजे मालकाकडे, आणि अनेकदा महिन्यांनी. तोपर्यंत त्या तारखेला गाडीवर कोण होता हे कुणालाच आठवत नाही, आणि जो आज गाडीवर आहे त्याच्या अनामतीतून पैसे कापले जातात. पानावर तारीखवार चालकाचे नाव असेल तर हा वादच उरत नाही.

फिटनेसबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथे आकडा मोठा आहे. नवी गाडी पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग. मुदत टळली तर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क, असा केंद्रीय नियमातला बदल २०१६ च्या अखेरीस आला. एक वर्ष चुकले तर १८,२५० रुपये. २०२४ मध्ये राज्यभर त्यावरून आंदोलने झाली. पण पासिंग का चुकते? बहुतेक वेळा आळसाने नव्हे. कर्जाचा हप्ता थकलेला असतो, विमा संपलेला असतो, मीटरचे सील तुटलेले असते, आणि एकाशिवाय दुसरे होत नाही. मालक म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू, आणि शिफ्टवाला तशीच गाडी बाहेर काढतो, कारण गाडी बंद म्हणजे चूल बंद. अपघात झाला तर फिटनेस नसलेल्या गाडीचा दावा कंपनी कसा लढवते, ते वेगळे सांगायला नको.

त्या पानावर आणखी एक ओळ हवी : गाडी बंद तर शिफ्ट बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे सरकली की रस्ते एकेक करून पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शहराने ते बघितले. अशा दिवसांत शिफ्ट माफ करणारे मालक आहेत, आणि पाणी ओसरल्यावर मागचे सगळे दिवस लावून घेणारेही आहेत. हे मालकाच्या मनावर सोडण्यापेक्षा लिहिलेले बरे.

गाडी काढून घ्यायची असेल तर १५ दिवसांची लेखी सूचना आणि अनामत त्याच दिवशी परत. चालकानेही सोडताना तेवढीच सूचना द्यावी. मालकालाही न सांगता गायब होणाऱ्या चालकाचा ताप कमी नसतो, हे आमच्यातल्या परमिटधारकांनी मुद्दाम लिहायला सांगितले.

परमिटधारकाच्या घरच्यांसाठीही एक गोष्ट. परमिटधारक वारला तर कलम ८२ प्रमाणे ३० दिवसांच्या आत प्राधिकरणाला कळवायचे असते. तसे कळवले तर वारसाला तीन महिने ते परमिट वापरता येते आणि त्याच मुदतीत नावावर करून घ्यायचा अर्ज करायचा असतो. पण तेराव्यापर्यंत कुणाला कागद सुचत नाहीत. मग मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, फायनान्स कंपनीचे पत्र यांत ३० दिवस सरतात. नूतनीकरणाचेही असेच : मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी अर्ज हवा, ही गोष्ट अनेकांना मुदत संपल्यावर कळते. साधा उपाय आहे. परमिटावर मागच्या बाजूला मराठीत या तीन मुदती छापाव्यात, आणि नूतनीकरणाच्या ६० दिवस आधी एक एसएमएस जावा.

मीटरबद्दल दोनच ओळी. ४.००-८ चा टायर पाच मिलिमीटर झिजला की शंभर किलोमीटरला मीटर दोनेक किलोमीटर जास्त दाखवते. तक्रार चालकावर येते, टायर बदलणे मालकाच्या हातात असते. तेव्हा मीटर तपासणीत टायरही बघावा.

प्राधिकरणाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्याव्यात, एवढी विनंती. चालक नोंदीचे पान लागू करणे. शहरातल्या स्टॉपांची सात दिवसांची मोजणी आणि तिचे आकडे कार्यालयाच्या फलकावर लावणे. कलम ९१ खालचा अधिकार प्राधिकरणाला मिळावा असा ठराव शासनाकडे पाठवणे. मोजणीला माणसे कमी पडत असतील तर रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि भवानी मंडप या तीन स्टॉपवर आम्ही चालक आळीपाळीने वही धरायला तयार आहोत, तुमचा एक कर्मचारी सह्या घ्यायला असला की पुरे. पानाचा नमुना सोबत जोडला आहे. त्यातला 'दिवसाचे भाडे' हा रकाना गाळावा, असे काही मालकांनी आम्हाला सुचवले होते. तो आम्ही गाळलेला नाही.

आपले,
कोल्हापुरातील बिल्लाधारक रिक्षा आणि टॅक्सी चालक
(सह्या स्वतंत्र पानावर)